माळव्याच्या काळ्या मातीतली फळझाडं: रोग ओळखा, मग औषध उचला

इंदूरच्या जुन्या वस्त्यांत, रामबाग असो की राजेंद्र नगर, मराठी घराच्या मागे एखादं लिंबाचं, एखादं पेरूचं झाड आणि जागा असेल तर आंबा असायचाच. आता अनेकांनी सिमरोल, महू, देपालपूर, सांवेरच्या बाजूला बिघा-दोन बिघे जमीन घेऊन तिथे हौसेने कलमं लावली आहेत. चार-पाच वर्षं झाडं छान वाढतात. मग एका पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडू लागतात, घरातलं कोणीतरी दुकानात जाऊन "पानं पिवळी पडलीत" एवढंच सांगतं आणि तीन पुड्या घेऊन येतं. पिवळ्या पानामागे निदान पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात आणि त्यातली बरीचशी फवारणीने बरी होत नाहीत. म्हणून आधी निदान, मग उपाय, याच क्रमाने पुढे जाऊ.

झाड तपासायचं कसं

आपली नजर आधी पानांवर जाते. माळव्यात मात्र मी नेहमी जमिनीपासून सुरुवात करायला सांगतो, कारण इथल्या काळ्या चिकणमातीत झाड मरतं ते बहुतेक वेळा मुळापासून.

पहिलं काम, बुंध्याजवळची माती हाताने चार-सहा इंच बाजूला करा. कलमाचा जोड मातीत गाडला गेलाय का? साल ओली, काळपट, दाबल्यावर मऊ लागते का? डिंकाचे थेंब दिसतात का? संशयाच्या जागी सालीचा अगदी छोटा तुकडा चाकूने उचला. निरोगी झाडात आतला थर पांढरट-हिरवा दिसतो, कुजलेल्या झाडात तपकिरी.

दुसरं काम, झाडाच्या विस्ताराच्या कडेखाली, म्हणजे पावसाचं पाणी पानांवरून जिथे ठिबकतं तिथे, वीतभर खोल उकरून बारीक तंतुमुळं पाहा. ती पांढरट आणि चिवट हवीत. बोटांत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला, तर मूळकुज आहे. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी. गाठी नाहीत, मुळं ठीक आहेत, तेव्हाच वर पाहा.

वर पाहताना पिवळेपणा कुठे आहे ते महत्त्वाचं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ती फार दिसते आणि तो रोग नव्हे. जुनी खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे किंवा मुळं काम करत नाहीत. एकच फांदी शेंड्याकडून खाली वाळत येत असेल तर शेंडेमर किंवा खोडकिडा. संपूर्ण झाड मलूल, पानं कोरडी पण झाडावरच लटकलेली, तर मर रोगाची शंका घ्या.

पानावरचे डाग पाहताना पान उलटं करून उजेडासमोर धरा. डागाभोवती पिवळी कडा आहे का, डाग दोन्ही बाजूंनी उठावदार आहे का, बोट फिरवल्यावर पूड निघते का, या तीन प्रश्नांनी अर्धं निदान होतं.

पाणी, मूळ आणि काळी माती

आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातल्या पोकळ्या बंद होतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. गुदमरलेल्या मुळांवर मग बुरशी चढते. लिंबूवर्गीय झाडांना छळणारी फायटोप्थोरा ही तर पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते. आळ्यात पाणी साचलं की ते बीजाणू आपोआप बुंध्यापर्यंत आणि शेजारच्या झाडापर्यंत पोचतात.

झाड लावण्याआधी एक साधी परीक्षा करा. दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही साचलेलं दिसलं तर त्या जागी सपाट जमिनीवर संत्रं, लिंबू किंवा पेरू लावू नका. दीड-दोन फूट उंच गादीवाफा करून त्यावर लावा. बाग आधीच उभी असेल तर ओळींच्या मधून, उताराच्या दिशेने दोन-तीन फूट खोल चर काढा. चर मृगाआधी तयार हवेत. भर आषाढात चिखलात खणण्याने मुळंच तुटतात.

सिंचनासाठी दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती एक आतलं कडं, त्यात मातीचा उंचवटा, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. बाहेरचं कडं झाडाच्या विस्ताराएवढं, पाणी फक्त त्यात. ठिबक असेल तर तोटी बुंध्यालगत ठेवू नका, झाडाबरोबर तीही बाहेर सरकवत न्या.

हे सगळं इंदूरच्या वाचकाला परकं वाटू नये. इंग्रज कृषी-वनस्पतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इथेच होते. होळकर दरबाराच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत त्यांनी यशवंत वाड यांच्यासोबत काडीकचरा आणि शेणापासून खत करायची जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. आपलं कृषी महाविद्यालय त्याच आवारात आहे. त्याआधी बिहारमध्ये पुसाला असताना हॉवर्ड यांनी फळझाडांची मुळं आणि मातीतली हवा यांचाच अभ्यास केला होता. रोग हा मातीच्या तक्रारीचा शेवटचा टप्पा, ही त्यांची धारणा मला या जमिनीत रोज पटते.

म्हणून घरचं खत करा. काडीकचऱ्याचा अर्धा फूट थर, त्यावर शेणकाला, थोडी माती, चिमूटभर राख, असे थर तीन-चार फूट उंचीपर्यंत रचा. ढीग ओलसर ठेवा, दोन-तीन वेळा उलथा, साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. अशा 50 किलो कुजलेल्या खतात 1 किलो ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळा, ओल्या गोणपाटाखाली सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवा. मग मोठ्या झाडाला 5 किलोप्रमाणे विस्ताराच्या कडेखाली वरच्या मातीत मिसळा. ट्रायकोडर्मा स्वतः बुरशीच आहे. त्याच्या मागेपुढे पंधरा दिवस जमिनीत तांब्याचं औषध ओतलंत तर सगळी मेहनत वाया जाईल.

लिंबू-संत्र्याचा डिंक्या

आगर, शाजापूर, मंदसौरकडे संत्र्याच्या बागा भरपूर आहेत आणि तिथली पहिली तक्रार हीच: बुंध्यातून डिंक येतो, साल उभी तडकते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, आणि मरण्याआधी झाड भरभरून फुलतं. मलूल झाडाला अवेळी आलेला तो मोहोर पाहून खूश होऊ नका.

उपचार असा करा. कोरड्या दिवशी, धारदार चाकूने कुजलेली तपकिरी साल खरवडून काढा. निरोगी साल दिसेपर्यंत काढा आणि कडेची अर्धा इंच चांगली सालही घ्या. लाकडाला खोल इजा नको. खरवडलेले तुकडे खाली कागदावर गोळा करून जाळा. जखम एक दिवस सुकू द्या, मग बोर्डो मलम लावा (ते करायची रीत पुढे दिली आहे). मुळं कुजलेली असतील तर मेटालॅक्सिल आणि मॅन्कोझेब यांचं तयार मिश्रण लिटरला 2.5 ग्रॅम घेऊन झाडाच्या विस्ताराखाली 5 ते 10 लिटर द्रावण ओता. त्याआधी जमीन ओलसर असावी, पाण्याने भरलेली नसावी. पाण्याचा निचरा सुधारला नाही तर पुढच्या श्रावणात डिंक पुन्हा दिसेल.

नवी कलमं घेताना जोड जमिनीपासून वीतभर वर आहे ना ते बघा आणि लावतानाही तो तसाच वर ठेवा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची रोगमुक्त रोपं मिळाली तर उत्तम.

बोर्डो मिश्रण आणि मलम घरी करायची रीत

फ्रान्समधल्या बोर्डो भागात 1885 साली मिलार्डे यांनी द्राक्षावरच्या केवडा या रोगासाठी हे मिश्रण पुढे आणलं. इतक्या वर्षांनंतरही घरच्या बागेसाठी याच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं औषध मला दुसरं दिसत नाही. मात्र ते नीट केलं तरच.

10 लिटर फवारणीसाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना लागतो. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंड किंवा जस्ताची बादली चालत नाही.

1. मोरचूद फडक्यात बांधून 5 लिटर पाण्यात रात्रभर लटकवून ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो.
2. दुसऱ्या बादलीत चुन्याच्या खड्यांवर थोडंथोडं पाणी शिंपडा. तो फुलतो, तापतो. डोळ्यांना जपा. निवल्यावर पाणी घालून 5 लिटर करा आणि फडक्यातून गाळा.
3. चुन्याची निवळी ढवळत ढवळत तिच्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू ओता. उलट क्रमाने ओतू नका, मिश्रण फुटतं.
4. चकचकीत लोखंडी खिळा किंवा चाकूचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे आणि ते पानं जाळेल. थोडी निवळी वाढवा, पुन्हा तपासा.
5. गाळून लगेच फवारा. उद्यासाठी ठेवू नका.

मलमासाठी तेच 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, पण एकूण पाणी फक्त 1 लिटर. जाड ब्रशने जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत बुंध्याला लावा. एकदा मे महिन्यात, पावसाआधी, आणि पुन्हा पाऊस ओसरल्यावर. चुना जुना, पूड झालेला असेल तर त्याचा जोर गेलेला असतो; म्हणूनच चौथी पायरी कधीही गाळू नका.

पेरूची मर

इंदूरच्या जामाची, म्हणजे पेरूची, चव ज्याला ठाऊक आहे त्याला या रोगाचं दुःख कळेल. पावसाळा उलटताना, भाद्रपद-आश्विनात, शेंड्याची पानं फिकट होतात, किंचित वळतात, एखादी फांदी वाळते. कधी महिन्याभरात, कधी वर्षभरात, सगळं झाड उभ्या उभ्या सुकतं आणि लहान फळं कडक, काळी होऊन फांदीवरच राहतात. फ्युजेरियम ही जमिनीतली बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. सूत्रकृमींनी मुळांना आधीच जखमा केल्या असतील तर तिचं काम आणखी सोपं होतं.

सुकलेलं झाड परत आणणारं औषध नाही, हे स्पष्टच सांगतो. हजारो रुपयांची औषधं त्या झाडाखाली ओतण्यापेक्षा शेजारची दहा झाडं वाचवा. मेलेलं झाड मुळांसकट उपटून तिथेच जाळा, ओढत बागेतून नेऊ नका. खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या आणि त्या जागी पुन्हा पेरू लावू नका, सीताफळ किंवा आवळा लावा. शेजारच्या झाडांना ट्रायकोडर्माचं खत द्या. ओळींतून झेंडू लावा, सूत्रकृमी कमी होण्यास मदत होते. झाडाखाली खोल नांगरट किंवा कुदळीने खणणं बंद करा, कारण तुटलेलं प्रत्येक मूळ हे बुरशीला उघडं दार आहे.

मोठ्या फळाच्या नव्या जातींची रोपं हल्ली दूरदूरहून येतात आणि त्यांच्या पिशवीतल्या मातीबरोबर सूत्रकृमीही येतात. नर्सरीत दोन-चार रोपांची पिशवी उतरवून मुळं पाहायचा आग्रह धरा. गाठी दिसल्या तर त्या गाडीतलं एकही रोप घेऊ नका. विक्रेता रागावला तरी चालेल.

पेरूच्या फळावरचे दोन डाग वेगळे ओळखा. हिरव्या फळावर तपकिरी, खडबडीत, मधे फुटलेली खपली असेल तर ती देवीच्या वणासारखी सालीपुरती राहते आणि आतला गर बहुधा चांगला असतो. पिकत्या फळावर खोलगट काळा डाग पसरत जाऊन गर सडत असेल तर तो करपा. दोन्हींसाठी दाट फांद्या विरळ करा, पडलेली फळं रोज उचला आणि फळ सुपारीएवढं असताना कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 2.5 ते 3 ग्रॅम फवारा. फळाला कागदी किंवा फोमची पिशवी घातली तर डागही टळतात आणि फळमाशीही.

लिंबाचा खैऱ्या आणि संत्र्याचा हिरवा रोग

कागदी लिंबावर खरखरीत, उठावदार, पिवळ्या कड्याचे ठिपके पान, काटे आणि फळ सगळीकडे दिसतात. हा जिवाणूंचा रोग आहे. तो पावसाच्या थेंबांनी उडतो आणि पान पोखरणाऱ्या नागअळीच्या जखमांतून आत शिरतो. नव्या पालवीवर निंबोळी अर्क किंवा निंबोळी तेल फवारून नागअळी रोखली की खैऱ्या निम्मा आवरतो. मे महिन्यात रोगट फांद्या कापून जाळा, कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसा. पावसाळ्यात साधारण महिन्याच्या अंतराने 1 टक्का बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड पुरे. प्रतिजैविकाची पूड मिसळायचा सल्ला दुकानात मिळतो. घरच्या झाडासाठी मी तो मुळीच देणार नाही, कारण माणसांच्या उपचारातली औषधं अशी झाडांवर उधळली की त्यांचा परिणाम बोथट होत जातो.

हिरवा रोग, ज्याला ग्रीनिंग म्हणतात, तो सायला किडीमार्फत पसरतो. तो जस्ताच्या कमतरतेसारखा दिसतो म्हणून फसायला होतं. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंची तुलना करा. पिवळेपणा दोन्हीकडे सारखा असेल तर कमतरता, वेडावाकडा, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला भलतंच चित्र असेल तर ग्रीनिंग. कमतरता फवारणीने भरून निघते. ग्रीनिंग बरा होत नाही, झाड काढावंच लागतं.

आंबा

मोहोर येण्याच्या दिवसांत, जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला, रात्री गार आणि दिवस उबदार असले की भुरी येते. मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं आणि बारीक फळं गळतात. मोहोर तीन-चार इंचांचा असताना पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी लवकर फवारा. दुपारी ऊन तापल्यावर गंधकाने पानं भाजतात. गरज पडल्यास पंधरा दिवसांनी हेक्झाकोनॅझोल लिटरला 1 मिली. फुलं पूर्ण उमलली असताना फवारणी थांबवा, त्या दिवसांत माश्या-मधमाश्या परागीकरण करत असतात. मावठ्याचं ढगाळ हवामान राहिलं तर भुरीच्या जोडीला करपाही मोहोर काळा करतो.

पानांवर काजळी दिसली तर बुरशीनाशकाकडे धावू नका. ती तुडतुड्यांच्या गोड स्रावावर वाढते. तुडतुडे आवरले की काजळी सुकून गळते.

मोहोराचा जाड, हिरवट गुच्छ होतो आणि त्यात फळ धरत नाही, ती मोहोराची विकृती. त्यामागेही फ्युजेरियमच आहे. गुच्छाच्या खाली वीतभर लाकूड घेऊन कापा आणि जाळा. सलग दोन-तीन हंगाम हे चिकाटीने केलं तर प्रमाण बरंच घटतं.

आणि हे मुद्दाम लिहितो: वीटभट्टीजवळच्या आंब्याच्या फळाचं टोक काळं पडून सुकतं. तो रोग नाही, भट्टीच्या धुराने होणारी इजा आहे. फळ वाटाण्याएवढं असल्यापासून बोरॅक्स लिटरला 6 ग्रॅम, पंधरवड्याने दोन-तीनदा फवारलं तर फरक पडतो.

उरलेली झाडं, थोडक्यात

डाळिंबाचा तेल्या: पानावर तेलकट काळे डाग, फळ इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखं तडकतं. पावसाळ्यात फळं येणारा बहार टाळून हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना येणारा मोहोर, धरला तर कोरड्या हवेत याचा जोर कमी राहतो. पपईचं पान वेडंवाकडं, चट्टेरी आणि फळावर गोल कडी दिसली तर विषाणू आहे, झाड उपटा. मावा हा त्याचा वाहक. पपईचा बुंधा जमिनीलगत कुजला तर पुन्हा पाण्याचाच प्रश्न. बोराला दिवाळीच्या सुमारास भुरी येते, फळ वाटाण्याएवढं असतानाच गंधकाची फवारणी करा. सीताफळावर काळी, सुरकुतलेली फळं झाडावर लटकून राहतात, ती हिवाळ्यात तोडून जाळा, नाहीतर पुढच्या पावसात करपा तिथूनच सुरू होतो.

वर्षाचं काम

मे: चर, आळी, रोगट फांद्यांची छाटणी, बोर्डो मलम. जून-जुलै: पहिल्या दमदार पावसानंतर उघडीप मिळताच लिंबू-पेरूवर बोर्डो, साचलेलं पाणी त्याच दिवशी काढणं. ऑगस्ट-सप्टेंबर: दर आठवड्याला बुंध्याची पाहणी, हा काळ सर्वांत नाजूक. ऑक्टोबर: मलमाचा दुसरा हात, ट्रायकोडर्माचं खत. डिसेंबर-जानेवारी: मेलेली फळं आणि फांद्या गोळा करणं, आंब्यावर तुडतुड्यांची नजर. फेब्रुवारी-मार्च: भुरी. एप्रिलमध्ये सहसा फवारणी लागत नाही.

फवारताना हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क हवाच. डब्यावरच्या लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का आणि फवारणी व तोडणी यांत किती दिवस हवेत ते आधी वाचा. दोन औषधं मनाने एकत्र करू नका, विशेषतः तांब्याबरोबर दुसरं काही. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे.

निदान ठरत नसेल तर नमुना घेऊन खंडवा रोडवरच्या कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात जा. नुसतं वाळकं पान नेऊ नका, त्यावरून कोणीही काही सांगू शकणार नाही. अर्धवट आजारी फांदी, बुंध्याच्या सालीचा निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा तुकडा, आणि ओलसर मातीसह मूठभर तंतुमुळं, असे तीन नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. पानं कोरड्या कागदात गुंडाळा, मुळांची पिशवी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. सोबत कागदावर लिहून न्या: झाड किती वर्षांचं, कोणती जात, शेवटचं पाणी आणि शेवटचं औषध कधी, आणि आजार आधी कुठल्या फांदीला दिसला. नमुना काढला त्याच दिवशी पोचवला तर उत्तम, नाहीतर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सकाळी पहिल्या वेळेत द्या.